अनुमोदक कोण?

—एवढंच ना? इतिहास, कारभार, शाळा आणि नामवंत रहिवासी. चार मथळे. बसेल की, लिंडविक टाउनशिप चार मथळ्यांत आरामात बसेल, वर जागा उरेल. कोट काढू नकोस इतक्यात, स्टोव्ह आत्ताच पेटवलाय मी, ही खोली तापायला वेळ घेते – पहिल्यापासूनच घ्यायची. कॉफी होतेय, तोवर विचार काय विचारायचं ते. लोकांची काळजी नको, गाई दोहून झाल्याशिवाय कोणी फिरकत नाही इकडे. तू काउंटीच्या वेबसाइटसाठी आलीस म्हणालीस ना? मग बरोबर दिवस धरलास, आज मार्चची सभा. फक्त जरा मोठ्यानं बोल, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. – नाही गं, त्याच्यासाठी हळू बोलायची काही गरज नाही. बसू दे त्याला तिथं. तो माझा नवरा, व्हर्लिन. व्हर्लिन टॉलेफसन, आमच्या बोर्डाचा अध्यक्ष. या दिवशी त्याला दुपारपासूनच तयार होऊन बसायचं असतं. टोपी काढ म्हटलं तर काढत नाही. व्हर्लिन, ही पोरगी काउंटीच्या गावाहून आलीय, आपल्या टाउनशिपची माहिती लिहून घ्यायला. – हं. मान हलवली, पाहिलंस? आवडलं त्याला.

तर इतिहास. इतिहास असा की आधी इथं डकोटा लोक होते. हे सगळ्यात वर लिही. माझ्या सासऱ्यांनी टाउनशिपच्या शताब्दीच्या वेळी छोटं पुस्तक काढलं होतं, त्यातलं पहिलंच वाक्य – येथे काहीही नव्हते. आणि त्यांच्याच शेतात नांगराला बाणांची टोकं लागायची, ती बिस्किटाच्या डब्यात भरून खिडकीत ठेवलेली असायची, पाहुणा आला की दाखवायची. म्हणून म्हणते, काही नव्हतं असं लिहू नकोस. मग सर्व्हेवाले आले. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन आखला त्यांनी – मध्ये नदी आली तरी रेघ सरळच, नदी चुकली असं त्यांचं म्हणणं – आणि त्याचे छत्तीस तुकडे केले, त्यांना सेक्शन म्हणायचं. इथं अजून कोणी पत्ता सांगत नाही, सेक्शन सांगतात. त्यानंतर नॉर्वेची माणसं आली, सगळी एकाच खोऱ्यातली, सगळी एकमेकांची नातलग, म्हणजे भांडायला मोकळीच. दोन चर्चं दिसली ना येताना? दोन्ही लूथरन, एकाच पंथाची. एकाची घंटा दुसऱ्याला ऐकू येते. दोन कशाला? तर माणूस तरणार की बुडणार हे देवानं आधीच ठरवून ठेवलंय का, यावरून फाटलं. माझ्या सासूबाई पूर्वेच्या चर्चच्या आणि सासरे पश्चिमेच्या. रविवारी एकाच गाडीतून निघायचे, तिला उतरवून हे पुढे जायचे, आणि येताना उलटं. जेवताना मात्र देवाचा विषय काढायचा नाही. आता दोन्ही चर्चं मिळून एकच पाद्री आहे, आणि त्याला विचारलं तर तो म्हणतो, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अशानं काय होणार, तूच सांग.

कारभार – तिघांचं बोर्ड, एक क्लार्क, एक खजिनदार. लिहिलंस? महापौर नाही, पोलीस नाही, रस्त्यावर दिवेसुद्धा नाहीत. मग करतात काय? रस्ते करतात. खडी टाकायची, रस्त्याखालचे पाइप साफ ठेवायचे, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, दफनभूमीतलं गवत कापायचं. हसू नकोस. तू येताना शेवटचा तुकडा लागला ना, दोन्हीकडे विलोची झाडं आहेत तो – तो दर वसंतात वाहून जायचा. माणसं चुलीवरचं सोडून बैलांसारखी ढकलायची गाड्या. व्हर्लिननं उंच करून घेतला तो, त्यासाठी लागोपाठ किती मार्च भांडला. आणि भांडायचं कुठं? इथंच, या खोलीत. कारण खरा कारभार बोर्डाचा नाहीच, खरा कारभार आजच्या दिवसाचा. मार्चचा दुसरा मंगळवार. जो जो या चौकोनात राहतो तो आज सरकार. उभं राहायचं, नाव सांगायचं, सेक्शन सांगायचा, ठराव मांडायचा. कोणीतरी अनुमोदन द्यायचं, मग चर्चा, मग हात वर. बाहेरचा कोणी असला तर त्यानं भिंतीशी बसून ऐकायचं. आणि हे सगळं चालवायचं व्हर्लिननं. त्याच्यासमोर विषय सोडून बोलायची कोणाची टाप नव्हती. एकदा पाद्रीच उठले आणि पापाबिपाबद्दल सुरू झाले तर हा म्हणाला, ते ठीक आहे, पण आपण सध्या सेक्शन चौदामधल्या पाइपबद्दल बोलतोय.

नाही व्हर्लिन, अजून नाही. अजून लोक यायचेत. – दर थोड्या वेळानं विचारतो. आता विचारलं ते विसरून पुन्हा विचारेल. तुझ्या लक्षात आलंच असेल म्हणा, तू काही बोलली नाहीस एवढंच. शिकलेली आहेस.

सुरुवात याच खोलीत झाली. म्हणजे घरी आधी झाली असणार, पण घरी मी कानाडोळा केला – चष्मा फ्रिजमध्ये सापडला तर आपण हसतोच की. इथं मात्र, दोन-तीन वर्षं झाली, त्यानं एकच ठराव दोनदा मताला टाकला. खडीचा. एकदा मंजूर झाला, सगळ्यांनी पाय मोकळे केले, कॉफीचा घोट घेतला, आणि हा म्हणाला, आता खडीचा विषय. मी मागे पायचे तुकडे करत होते – पाय म्हणजे खायचा गं, रूबार्बच्या आंबट देठांचा – माझी सुरी हातात तशीच राहिली. आणि काय झालं माहितेय? काही झालं नाही. रोलंड उठला – रोलंड आमचा शेजारी, बोर्डावरचा दुसरा माणूस, बर्फाचं यंत्रही तोच चालवतो – तो उठला, सावकाश, आणि त्यानं पुन्हा अनुमोदन दिलं. आणि सगळ्यांनी पुन्हा हात वर केले. एकही माणूस हसला नाही. कोणी कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. परत जाताना गाडीत व्हर्लिन म्हणाला, आजची सभा छान झाली, नाही का, सगळे एकदिलानं वागले. मी म्हटलं, हो, छान झाली.

अशी माणसं आहेत इथली. चांगली आहेत. फार चांगली आहेत, तोच तर घोळ आहे – राहू दे, हे नको लिहूस. शाळा विचार. तुझा तिसरा मथळा.

शाळा हीच. ज्या खोलीत बसलीयस ती शाळा नंबर चार. टाउनशिपभर अशा एकेका खोलीच्या शाळा होत्या, लहान मुलाला चालत जाता येईल इतक्या इतक्या अंतरावर. एक शिक्षिका, एक स्टोव्ह, पहिलीपासून आठवीपर्यंत सगळे एकत्र. ती शिक्षिका मी. एकोणीस-वीसची असेन, वरच्या वर्गातली दोन मुलं माझ्यापेक्षा उंच. व्हर्लिन पंप दुरुस्त करायला यायचा. तो पंप फार बिघडायचा. मी घरी आल्यावर, म्हणजे लग्नानंतर, सासूबाई म्हणाल्या, आमचा घरचा पंप कधी दुरुस्त केला नाही यानं. आता तिथं मागे पाहा, तो बसलाय त्या बाकाच्या वर, भिंतीवर अक्षरांची पट्टी होती, ती माझ्या हातची. या टाउनशिपमध्ये आज जे साठी-सत्तरीचे आहेत ना, त्यांना लिहायला मी शिकवलं. रोलंडला मी शिकवलं. डावखुरा होता, त्याला उजव्या हातानं लिहायला लावा म्हणून त्याचा बाप येऊन बसला होता, मी नाही लावलं. माझं अक्षर इथं प्रत्येकाला ओळखू येतं, त्यांची अक्षरं माझ्यावरून आलीत, थोडी वाकडी, पण माझीच. मग शाळा बंद झाल्या. सगळ्या मुलांना बसमधून काउंटीच्या गावी न्यायचं ठरलं. मतदान इथंच झालं. व्हर्लिननं बंदच्या बाजूनं मत दिलं, आणि मीसुद्धा दिलं, तुला खोटं वाटेल. तिथं प्रयोगशाळा होती, वाद्यवृंद होता, आमच्या मार्लाला क्लॅरिनेट वाजवायचं होतं. काय दिलं असतं मी तिला इथं, एक स्टोव्ह? रडले मी, पण हात वर केला. एखादी गोष्ट संपली की संपली म्हणावं. मला ते जमतं. जमायचं.

म्हणूनच त्या मतावरून एवढं – कुठलं मत? हं. बोलले का मी? बोललेच की.

अगं, गेल्या मार्चची गोष्ट. त्याची मुदत संपत होती. मी घरी अर्ज भरू दिला नाही, टाळत टाळत तारीख घालवली, म्हटलं सुटलो. आता दुसरं कोणी उभं राहील. तर कोणीच राहिलं नाही. आणि कोणीच राहिलं नाही की इथं काय करतात, मतपत्रिकेवर एक कोरी ओळ असते, तिथं आपल्या हातानं हवं ते नाव लिहायचं. अशी माणसं निवडून आलीत इथं, की त्यांना घरी बायकोनं सांगितलंय, तू निवडून आलास म्हणून. तर माझ्या मनात काय, की लिहितील रोलंडच्या मुलाचं, तो चाळिशीचा आहे, शहाणा आहे. तिथं त्या टेबलावर मोजणी झाली. क्लार्क एकेक पत्रिका उलगडायची आणि नाव वाचायची. व्हर्लिन टॉलेफसन. व्हर्लिन टॉलेफसन. व्हर्लिन टॉलेफसन. पुढची – व्हर्लिन. एकानं नुसतं 'आपला व्हर्लिन' लिहिलेलं. तो तिथं पुढच्या बाकावर बसलेला, टोपी गुडघ्यावर, प्रत्येक नावाला मान हलवत होता. आणि मग एक पत्रिका आली आणि क्लार्क थांबली. थांबली, आणि तिनं वर पाहिलंच नाही. मग हळूच वाचलं – रोलंडच्या मुलाचं नाव. एकच मत. अख्ख्या टाउनशिपमध्ये एक. आणि ते अक्षर, सांगितलं ना तुला, ते सगळ्यांना कळलं. पत्रिका टेबलावर पडलेली होती, जो तो जवळून जाताना बघायचा आणि नजर वळवायचा. व्हर्लिन हसला. म्हणाला, एक तरी विरोधक हवाच, नाहीतर माणूस शेफारतो, आणि मग सगळ्यांशी हात मिळवत फिरला, माझ्याशीसुद्धा मिळवला.

मी त्याच्या विरुद्ध नव्हते गं. तुला कळतंय ना? मला वाटलं होतं कोणीतरी एकानं म्हणावं, पुरे. ते प्रेमानं करतात, मला माहीत नाही का? बोर्डाच्या सभेला त्याला घेऊन जातात, खुर्चीवर बसवतात, तो पूर्वीच्याच एखाद्या पाइपबद्दल बोलतो आणि ते कागदावर पेन्सिल फिरवतात. रस्त्यात तो गाड्या थांबवतो. खिडकीतून वाकून सांगतो, तुमच्या इथला नाला भरलाय. तो नाला तीस वर्षांपूर्वी बुजलाय. आणि ते काय म्हणतात? बरं झालं सांगितलंत, अध्यक्ष, बोर्डापुढे ठेवतो. आणि मग निघून जातात घरी. घरी जातात ना ते. त्यांचं प्रेम गाडीच्या खिडकीएवढं. त्यानंतरचा दिवस माझा, रात्र माझी. मी त्याला बूट घालते, तो विचारतो ऑर्डिस कुठंय. मी म्हणते मीच ऑर्डिस. तो असा बघतो, नम्रपणे, की या परक्या बाईला कशाला दुखवा. – रागावतेय वाटतं का मी? हो, रागावतेय. रागवायला दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून चांगल्या माणसांवर रागावते.

कॉफी घे. दूध त्या मगमध्ये. बार्स घे, या गोड वड्या, आणि लेफ्से आहे, ही बटाट्याची पातळ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळायची. खा, सभेला पुरेल एवढं आहे. व्हर्लिन, तुलाही आणते. – नाही, अजून नाही आले.

फेब्रुवारीतलं सांगते, मग चौथा मथळा घे आणि मोकळी हो. मोठं वादळ झालं ना, दोन दिवस दार उघडता येत नव्हतं, ते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात बटाटे आणायला गेले. किती वेळ लागतो बटाटे आणायला? वर आले तर मागचं दार सताड, आणि स्वयंपाकघरात बर्फ येतोय. त्याचे बूट तिथंच. सपाता घालून गेलेला. मी कशी धावले मला आठवत नाही, या वयात, रस्ता कुठला आणि शेत कुठलं कळत नव्हतं, सगळं पांढरं. आणि पलीकडून रोलंडचं यंत्र येतंय, बर्फाचे फवारे उडवत, त्याला पुढचं काही दिसत नसतं तेव्हा. आणि रस्त्याच्या मधोमध हा. हात वर करून. थांब, म्हणून. रोलंडनं ब्रेक मारला, यंत्र तिरपं झालं, खंदकात गेलं, आणि याच्यापासून – मी अंतर सांगत नाही, मला त्याचं स्वप्न पडतं. आणि हा खाली उतरलेल्या रोलंडला सांगतोय, पातं वर घे, इथं खाली पाइप आहे, फुटेल तो. नंतर रोलंड माझ्या स्वयंपाकघरात बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, ऑर्डिस, तिथं खरंच पाइप आहे गं. तो बरोबर सांगत होता. मी म्हटलं, रोलंड, त्याच्या पायात सपाता होत्या. तो म्हणाला, हो, पण तो बरोबर सांगत होता.

व्हर्लिनच्या पायाची दोन बोटं काळी पडली. डॉक्टरांनी वाचवली.

हां, नामवंत रहिवासी. तुझ्याकडे कोण कोण आहे? – तो बेसबॉलवाला. बरोबर, सेक्शन एकतीसचा, एक हंगाम मोठ्या संघात खेळला, मग शिकागोत मोटारी विकल्या. आणि रेडिओवर गाणारी ती मुलगी, ती माझ्या आधीच्या शिक्षिकेची विद्यार्थिनी. आणि तो शास्त्रज्ञ, गव्हावरच्या रोगाचा, त्याची आई मला कांदे द्यायची. बघ, तिघंही अठराव्या वर्षी इथून गेली आणि परत आली ती नाताळाला, नाहीतर शवपेटीतून. नामवंत व्हायचं म्हणजे आधी लिंडविकमधून जायचं, असंच आहे ते. जो राहिला त्याचं काय लिहिणार तू? राहिला, एवढंच ना? चाळीस वर्षं रस्ते बघितले. त्याच्या रस्त्यांवरून ती तिघं गेली असं लिही हवं तर. – नको, खोडून टाक, पोरकटपणा झाला. त्याच्यासाठी मला कोणाकडून काही लिहून नकोय. आणि आता तर तसाही तो –

उद्या सकाळी गाडी येणार आहे त्याला न्यायला.

कोणाला माहीत नाही. मार्लाला माहीत आहे, ती ॲरिझोनात असते, तिनंच फोनवर सगळं ठरवलं, तिनं म्हटलं आई, मी करते, तू फक्त हो म्हण. तुमच्या काउंटीच्या गावात ते नवीन घर आहे ना अशा लोकांसाठी, तळ्याच्या बाजूला, दारं आतून उघडत नाहीत त्याची – तिथं खोली रिकामी झाली. रिकामी कशी झाली असेल ते मी विचारलं नाही. त्याची बॅग पलंगाखाली आहे. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं होतं, दोनदा, दोनदा तो रडला आणि दोनदा विसरला, तिसऱ्यांदा मला रडवता आलं नाही त्याला. आणि उद्यापासून तो तिथं झोपला म्हणजे तो इथला राहत नाही, आणि इथं राहत नाही तो बोर्डावर राहत नाही. म्हणून आज. आज मला सगळ्यांसमोर उठून सांगायचंय, व्हर्लिनला मोकळा करा. मी मांडेन गं, मांडायला मी घाबरत नाही. पण अनुमोदन कोण देणार? रोलंड? तो खाली बघत बसेल. ती क्लार्क? माझ्याच हाताखाली ए-बी-सी शिकलेली, ती पेन्सिलीला टोक काढत बसेल. कोणाचाच हात वर जाणार नाही, इतके चांगले आहेत. कागदोपत्री काही अडत नाही म्हणा. मी सही करू शकते, मार्लानं वकिलाला विचारलंय. कागदासाठी नाहीच ते. मला एक हात हवाय. एकानं म्हणावं, ऑर्डिस, बरोबर आहे तुझं, आम्हीही पाहतोय. म्हणजे उद्या त्याला गाडीत बसवताना तो फक्त माझ्या हातानं घराबाहेर गेला असं होणार नाही. एवढंच. जास्त आहे का हे?

तू का डोळे पुसतेयस? तुला चार मथळे हवे होते. मीही बघ ना, कुठल्या –

थांब. उठला तो.

नाही व्हर्लिन, अजून कोणी – ऐकत नाहीये. टेबलाकडे चाललाय. जाऊ दे, पडणार नाही, ही खोली त्याच्या पायांना माहीत आहे. बघ, टोपी काढली. हातोडा शोधतोय, लाकडी हातोडा असतो तिथं. सापडला. – सभा सुरू झाली म्हणाला. उभी राहा तू, सुरुवातीला उभं राहतात. बस आता. तू भिंतीशी बस. किती स्वच्छ आवाज लागलाय बघ त्याचा, घरी असा लागत नाही. काय म्हणाला? मागचं कामकाज मंजूर. नवीन विषय कोणाचा आहे का, विचारतोय. खोलीभर बघतोय. त्याला ही खोली भरलेली दिसतेय गं.

माझा आहे, अध्यक्ष महाराज.

ऑर्डिस टॉलेफसन. सेक्शन नऊ. – हो. रस्त्याच्या पश्चिमेचं घर, हो, पांढरं. ऐकलंस? घर आठवलं त्याला. घर बरोबर आठवलं.

अध्यक्ष महाराज, मी ठराव मांडते. मी ठराव मांडते, की व्हर्लिन टॉलेफसन यांनी या टाउनशिपची इतकी वर्षं सेवा केली, आणि आता ते दमले आहेत. आणि त्यांच्या घरचं माणूसही दमलं आहे. त्यांना या कामातून मोकळं करावं. उद्यापासून. आणि कोणी – आणि यात त्यांना टाकून दिलं असं कोणी समजू नये. संपला ठराव.

विचार करतोय. – हो, अध्यक्ष महाराज, टॉलेफसनच, सेक्शन नऊचे. हो, चांगला माणूस आहे. मी त्यांना ओळखते.

अनुमोदक कोण, विचारतोय.

हात खाली घे, पोरी. घे खाली. तुझं मन चांगलं आहे, पण तू इथली नाहीस, आणि त्याला ते कळलं बघ, लगेच कळलं. बाहेरच्यांना मत नाही म्हणाला. मला विसरला पण नियम नाही विसरला. – नाही, अध्यक्ष महाराज, पाहुणी आहे ती. चूक झाली तिची. बसली ती.

पुन्हा विचारतोय. तीनदा विचारायचं असतं.

नाही. कोणी नाही, अध्यक्ष महाराज.

ठराव बारगळला. हातोडा मारला.

काय म्हणालात? – हो. हो, ऐकलं मी. माझ्याकडे बघून बोलतोय, किती हळू बोलतोय बघ, ज्यांचं बारगळतं त्यांच्याशी तो नेहमी असाच बोलायचा. म्हणतो, वाईट वाटून घेऊ नका, बाई. तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पुढच्या मार्चला पुन्हा मांडा.

बाहेर दिवे दिसतायत, रोलंडची गाडी असेल. तू निघ आता. कॉफी राहू दे तशीच. नाही, मला धरायला नको, मी ठीक आहे, तू जा, आणि दार नीट ओढून घे, थंडी आत येते. – हो, अध्यक्ष महाराज. बसते. ही बसले.